अबू मुतसिमांच्या मिशीवरील संकट, अर्थात वाफनळीची मोहीम

परवरदिगार, जो धुराहून उंच आणि वाऱ्याहून सूक्ष्म, त्याचे नाम मस्तकी धरोन ही हकीकत लिहावयास आरंभ केला. कारण ऐसे की, मोठमोठे बादशहा जाहले, त्यांच्या लढायांचे कागद पेटारे भरभरोन पडले आहेत, त्यांच्या घोड्यांचीही नावे लोकांस पाठ आहेत. परंतु इर्बिद शहरी, बसथांब्यामागील गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर शुक्रवारी जे युद्ध जाहले आणि ज्यात एका थोर कुटुंबप्रमुखाची मिशी वस्तऱ्याच्या धारेपर्यंत जावोन आली, त्याची कोणी एक ओळ लिहिली नाही. पुढील पिढ्यांनी मिशी पाहावी आणि ती कैसी राहिली हे न जाणावे, हा मोठा अन्याय. सबब जे डोळां पाहिले ते यथादृष्ट, आणि जे दाराआडोन ऐकिले ते यथाश्रुत, ऐसे लिहिले आहे. वाचणारास हसू आले तर हसावे, पण मिशीचा अदब राखोन हसावे.

तर राजमान्य निजारसाहेब, ज्यांस ज्येष्ठ पुत्र मुतसिम याच्या नावावरोन अवघी पेठ अबू मुतसिम, म्हणजे मुतसिमचा बाप, म्हणे, हे मोटार शिकविण्याच्या विद्येत उस्ताद. नवशिकी मंडळी चाक हाती धरोन डाव्याचे उजवे करीत, टरबुजांच्या गाड्यांवर चालोन जात, आणि उस्ताद शेजारी बैसोन एक पाय ब्रेकावर आणि एक सिगारेट ओठांत ठेवोन अवघा संग्राम आवरीत. ऐसी वर्षानुवर्षे गेली. मिशी भरघोस वाढली, शिष्य उदंड जाहले, आणि मग खोकला आला. खोकला असा की, भिंतीपलीकडे कन्या लमीस हिने उशी कानांवर दाबावी तरी तो उशीतून आत शिरावा.

ही लमीस दहावीत. शाळेत विजेच्या परिपथाचा दिवा हिने पहिल्याच झटक्यास पेटविला, बाई म्हणाल्या शाबास, आणि तेव्हापासोन ही मान दोन बोटे उंच धरोन चालू लागली. मग ईदेच्या सकाळी पाहुण्यांनी दिवाणखाना भरला असता, लेकरांच्या हाती ईदी पडू लागली असता, हिने बापाची नोट परत केली आणि भर दरबारी अर्ज गुजारिला की, ईदी नको, सिगारेट सोडा. ईदेच्या दिवशी लेकराचे मागणे फिरविणे कोणत्या बापास शक्य. अबू मुतसिम यांनी पाहुण्यांकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, छताकडे पाहिले, आणि मग मिशीस हात लावोन शपथ वाहिली की, आजपासोन सिगारेट ओठांस लागली तर ही मिशी उतरवीन.

दैव पाहा. त्याच मजलिशीत त्यांचे जिवलग मित्र अबू गालिब बैसले होते, जे धंद्याने हजाम.

"उतरवायला मी आहे की," अबू गालिब म्हणाले, "आणि मित्राकडून पैसे नाही घ्यायचो."

"वस्तरा गंजेल तुझा वाट बघून," अबू मुतसिम म्हणाले.

त्या दिवसापासोन अबू गालिब यांनी एक वस्तरा वेगळा काढोन ठेविला आणि त्यास दररोज धार लावू लागले.

शपथ वाहणे सोपे, पाळणे कठीण. म्हणोन धुराऐवजी वाफ ओढावयाची विजेची वाफनळी घरी आली. काळी, लंबगोल, मुठीत मावेल ऐसी. पोटात बॅटरी, अंगावर एकच बटण, माथ्यावर ओढावयाची चोच, जी रसाने भरावी, काढावी आणि घालावी. बटण दाबितां निळा दिवा लागे आणि द्राक्ष-पुदिन्याचा ढग निघे. तिच्या आधारे अबू मुतसिम रमजानाहून कठीण दिवस काढू लागले. खोकला निम्मा जाहला. लमीस उशी डोक्याखाली घेऊन निजू लागली. सर्वत्र अमन जाहला.

इतक्यात मुतसिमाचे मन एका मुलीवर बसले. ही मुलगी रवान, अबू गालिब हजामाची कन्या. दोन्ही घरी आनंद जाहला, आयांची बोलणी जाहली, आणि आता रीतीप्रमाणे जाहा निघावयाची राहिली. म्हणजे कुळातील वडीलधाऱ्या पुरुषांनी स्वारी करोन मुलीच्या बापाच्या घरी जावे आणि तिचा हात मागावा. शुक्रवार ठरला, तिसऱ्या प्रहरीची नमाज जाहल्यावर. त्याकरितां सल्त शहराहून अबू मुतसिम यांच्या थोरल्या भगिनी जलीला आत्याबाई गुरुवारीच दाखल जाहल्या. सोबत एक टोपली अंजिरे, गुडघ्यांचे मलम, आणि पडोसणीने मक्केहून आणिलेले नवे जपयंत्र. तेही काळे, तेही लंबगोल, तेही एका बटणाचे. देवाचे नाव घ्यावे, अंगठा दाबावा, आकडा एकाने वाढावा, ऐसी त्याची खुबी. चष्मा मात्र आत्याबाई सल्त येथे विसरल्या, ही गोष्ट इतिहासाने ध्यानी ठेवावी.

त्या सायंकाळी अबू मुतसिम यांनी उद्याच्या स्वारीची तयारी म्हणोन वाफनळीची चोच काढोन धुतली, वाळत ठेविली, आणि बिनचोचीची बॅटरी दिवाणखान्यातील मेजावर ठेवोन निजावयास गेले. त्याच दिवाणखान्यात आत्याबाईंचा बिछाना पडला.

शुक्रवार उजाडला. अबू मुतसिम यांनी चोच रसाने भरोन बसविली, ओठांस लाविली, बटण दाबिले. दिवा नाही. ढग नाही. पुन्हा दाबिले. नाही. आडवी धरोन दाबिले, उभी धरोन दाबिले, बिस्मिल्ला म्हणोन दाबिले. काळोख.

"मेली," ते म्हणाले.

घरात एकच गलबला उठला. कारण शुक्रवारी सकाळी बाजार बंद. दुकाने उघडावयाची ती दुपारच्या नमाजेनंतर, आणि वाफनळीचा दुकानदार तर चुलतभावाच्या लग्नास जराश येथे गेलेला. मग लमीसने मनात हिशेब मांडिला तो ऐसा: अबू गालिबांच्या दिवाणखान्यात जाहा बैसेल. रिवाजाप्रमाणे सिगारेटींचे तबक फिरेल. बापाच्या खिशात वाफ नाही. समोर हजाम, हजामाच्या खिशात वस्तरा. बापाने एक सिगारेट उचलिली की शपथ गेली, शपथेबरोबर मिशी गेली, आणि मिशीविना बाप नाक्यावरही उभा राहणार नाही. पण मिशी पुन्हा उगवेल. खोकला परत आला तर तो भिंतीपलीकडे कायमचा राहील. हे मनात येतांच लमीसने शाळेचा पांढरा झगा, जो प्रयोगशाळेत घालावयाचा, तो अंगात चढविला आणि मोहिमेचे सरलष्करपद आपण होवोन घेतले. कोणी दिले नव्हते, पण कोणी नाकारिलेही नाही.

प्रथम रसदेची तपासणी जाहली. तार जोडिली. बॅटरीवर लाल दिवा लागला, आणि थोडक्याच वेळात हिरवा जाहला. म्हणजे किल्ल्यात दाणागोटा भरपूर.

"पोट भरलेलं आहे, तरी काम करत नाही," लमीसने जाहीर केले.

"मग ती मुतसिमवर गेली," अबू मुतसिम म्हणाले.

मुतसिम पलीकडच्या खोलीत सदरा इस्त्री करीत होता.  तो मान वर न करितां एकच सदरा तिसऱ्यांदा इस्त्री करीत राहिला.

मग लमीसने तजवीज काढिली की, दाणा आहे आणि तोफ उडत नाही, तर मधली वाट बुजली असणार. चोच काढोन आत पाहतां तळाशी दोन पितळी खिळे, त्यांवर द्राक्षाचा चिकटा. हे पाहोन तिने आपल्या ओढणीची मोत्याच्या डोक्याची टाचणी काढिली आणि त्या भालाईताकडोन खिळे हलके खरवडविले. मग धुलाईकरितां फर्मान सुटले की, पाहुण्यांच्या हातांवर शिंपडावयाचे कोलोन हजर करावे. दिवाणखान्याच्या फडताळात कोलोनची उंच बाटली होती. लमीसने कापूस भिजविला आणि खिळ्यांवरोन फिरविला, आणि घरभर ऐसा सुगंध सुटला जैसे मिठाईवाल्याने दुकान उघडिले.

मातोश्री विजदानबाई, ज्या सकाळपासोन बसबुशा नामक रव्याच्या पाकातील मिठाईच्या परातीशी झुंजत होत्या, त्या वास घेत बाहेर आल्या.

"त्या बाटलीला कोणी हात लावला?"

"मी. कोलोन घेतलं, आई."

"कोलोन कधीच संपलंय. त्यात संत्र्याच्या फुलांचं पाणी आहे, पाकात घालायचं. सगळ्या घराला माहीत आहे."

"मला नाही माहीत."

"तू स्वयंपाकघरात पाऊल टाकशील तर कळेल ना. आणि हा पांढरा झगा कसला? कोण आजारी आहे?"

ऐसा हा पराभव जाहला. कोलोन उडोन जाते, पाणी उडत नाही, हे शास्त्र लमीसला ठाऊक होते. म्हणोन बॅटरी कोरड्या फडक्यावर निजवोन तीवर पंखा सोडिला, आणि वाळेपर्यंत बटणास कोणी हात लावू नये ऐसी सक्त ताकीद दिली.

या अवधीत अबू मुतसिम यांची दशा काय वर्णावी. त्यांनी चहा घेतला, चहा नावडला. टरबुजाच्या बिया फोडिल्या, टरफलांचा ढीग जाहला, तोही नावडला. मग ते सज्जात जावोन उभे राहिले आणि बराच वेळ आले नाहीत. लमीसला संशय येवोन तिने पाहिले तो काय: खालच्या मजल्याचा शेजारी आपल्या सज्जात सिगारेट ओढीत आहे, आणि वरून तीर्थरूप कठड्यावर ओणवे होवोन, मिशी खाली सोडोन, वर येणारा धूर परभारे वसूल करीत आहेत.

"बाबा."

"हवा खातोय."

"कोणाची?"

तीर्थरूप आत आले. पण आले ते रिकाम्या हाताने नव्हे. येतायेता त्यांनी सज्जात ठेविलेल्या मोटारीच्या हत्यारपेटीतील पकड आणि पेचकस आणिला होता. त्यांनी मेजापाशी बैसोन हुकूम फर्माविला की, आता सामोपचार पुरे, बॅटरीचे पोट फाडोन आत काय दडले आहे ते पाहावे. इतके म्हणोन पकड उचलिली. आणि लमीस, जिने आजवर बापाच्या हातातील रिमोटही मागितला नव्हता, ती दोन्ही हात पसरोन मेजावर आडवी जाहली.

"नाही फाडायची. बाईंनी सांगितलंय, असल्या बॅटरीला भोक पडलं तर आतून आग निघते. पाण्यानेही आवरत नाही."

"मी मोटारींची इंजिनं उघडली आहेत, पोरी."

"आणि बंद कोणी केली? मेकॅनिकने. बाबा, मिशी वाचवायला निघालात. हिचं पोट फाडलंत तर मिशीबरोबर भुवयाही जातील. मग अबू गालिबकाकांना वस्तराच लागायचा नाही."

आतून मातोश्रींनीही ऐसा हुकूम सोडिला की, ज्याने दिवाणखान्यात आग लाविली त्याने जाहा रस्त्यावर बैसवावी. दोन आघाड्यांवर एकदम लढाई करणे शहाण्या सरदाराचे काम नव्हे. अबू मुतसिम यांनी पकड खाली ठेविली. लमीस मेजावरोन उठली, तेव्हां बियांची अवघी टरफले झग्यास चिकटोन मेज साफ जाहले होते, हे त्या झग्याचे एकमेव उपयोगी काम होय.

दुपार टळली. नमाज जाहली, मंडळी परतली, बॅटरी वाळली. चोच बसविली, बटण दाबिले. काळोख. गल्लीत मोटारी जमू लागल्या. कुळातील काका, मामा, त्यांचे व्याही, काळे कोट घालोन खाली उभे राहिले, आणि सर्वांत वडील हाजी अबू नुमान, जे जाहेचे मुख्य, ते पुढच्या मोटारीत बैसोन काठीने दार वाजवू लागले. अबू मुतसिम अंगात कोट चढवीत होते आणि त्यांचा चेहरा ऐसा होता, जैसा मुलाची मागणी घालावयास नव्हे, किल्ल्याच्या किल्ल्या शत्रूस द्यावयास निघाले.

तेव्हां दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून जलीला आत्याबाई कुरकुरल्या.

"विजदान, माझं जपयंत्र बिघडलं गं. काल रात्री कसं छान चाललं होतं. बटण दाबलं की निळा दिवा लुकलुकायचा. आज दिवाच नाही. नुसते आकडे."

लमीस पांढरा झगा काढीत होती. तिचा एक हात बाहीतच राहिला.

"आत्या, निळा दिवा?"

"निळा. पीरबाबाच्या डोळ्यासारखा. आणि द्राक्षाचा वास यायचा. मी म्हटलं, मक्केहून आलेली वस्तू आहे, वास तर येणारच."

"भरभर दाबत होतात?"

"मग काय, एकेक दाबायला मी काय टपाल कचेरीत बसले होते? देवाचं नाव अडखळत घेत नाहीत."

ते ऐकतांच लमीसच्या मस्तकी दुकानदाराचे बोल उजाडले. वाफनळी विकत घेतेवेळी त्याने सांगितले होते की, खिशात आपोआप पेटू नये म्हणोन बटण लागोपाठ पाच वेळा दाबावे, म्हणजे ही निजेल. आणि पुन्हा पाच वेळा दाबावे, म्हणजे उठेल. तीर्थरूपांनी ते ऐकिले नाही, कारण ते तेव्हां चव निवडीत होते. आणि पुढे तीस कधी निजवावी ऐसे त्यांच्या मनात क्षणभरही आले नाही. रात्रभर आत्याबाई अंधारात जप करीत होत्या, आणि बॅटरी निजत होती, उठत होती, पुन्हा निजत होती, आणि जेथे जप संपला तेथे ती निजलेलीच राहिली.

"बाबा, ती मेली नाही. झोपली आहे. आत्यांनी अंगाई म्हटली."

पण तिने स्वतः बटण दाबिले तर काही न होई. पंखा, टाचणी, फुलांचे पाणी, सर्व अरिष्टे त्या बटणाने सोसली होती, आणि लमीसचा अंगठा घाबरा होता; एक वेळ जोरात, एक वेळ हलका, मध्येच थांबे. खाली हाजींची काठी वाजत होती. मग तिने बॅटरी आत्याबाईंच्या हाती दिली आणि अर्ज केला की, काल केले तैसेच करावे. आत्याबाईंनी डोळे मिटिले, ओठ हलविले, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीचा तो अंगठा ऐसा चालिला जैसे शिवणयंत्र.

सुब्हानल्लाह, सुब्हानल्लाह, सुब्हानल्लाह, सुब्हानल्लाह, सुब्हानल्लाह.

निळा दिवा लागला.

मातोश्रींच्या हातातील झारा खाली पडला. मुतसिम सदऱ्याची इस्त्री तैशीच ठेवोन धावत आला. अबू मुतसिम यांनी चोच ओठांस लावोन एक दीर्घ श्वास घेतला, आणि जो ढग निघाला तो द्राक्षाचा नव्हता, पुदिन्याचाही नव्हता. संत्र्याच्या फुलांचा होता, आणि तो मिशीत जावोन बैसला.

"बसबुशा ओढल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. पण त्यांचे डोळे पाणावले होते.

फत्ते जाहली, ऐसे सर्वांस वाटले. आणि याच ठिकाणी मोठमोठे सेनापती गाफील होतात. आत्याबाईंनी वाफनळी आणि जपयंत्र दोन्ही एका तबकात ठेविली, कारण त्यांस डोईची ओढणी सारखी करावयाची होती. खाली मोटारींनी एकदम कर्णे फुंकिले. अबू मुतसिम यांनी धावताधावता तबकातील एक खिशात घातले. आत्याबाईंनी उरले ते बटव्यात टाकिले. आणि स्वारी निघाली, मागील मोटारींत बायका.

अबू गालिबांचा दिवाणखाना भरोन गेला होता. पुरुष बाहेर बैसले, बायका आत. लमीस स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीशी उभी राहिली आणि तिच्या खांद्यावरोन खुद्द नवरी मुलगी रवान पाहत होती. वेलचीच्या कॉफीचे पेले आले. हाजी अबू नुमान यांनी पेला समोर ठेविला आणि स्पर्श केला नाही, कारण मागणे मान्य होईतो कॉफी पिणे नाही, हा जाहेचा दस्तूर. मग त्यांनी खणखणीत आवाजात कुळाची थोरवी सांगोन मुतसिमाकरितां रवानचा हात मागितला.

आता रिवाजाप्रमाणे अबू गालिबांनी, कॉफी प्या, इतकेच म्हणावयाचे. त्यांनी तसे म्हटले नाही. त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशातून वस्तऱ्याची शिंगाची मूठ डोकावत होती. त्यांनी सिगारेटींचे तबक उचलिले आणि ते घेऊन हळूहळू अबू मुतसिम यांच्यासमोर आले.

"कॉफी जरा थांबू दे, हाजी. आधी माझा मित्र माझ्याबरोबर एक सिगारेट ओढेल. एकच. मग मी काय ते सांगतो."

फटीमागे रवानने दातओठ खाल्ले. "बाबांना मी सांगितलं होतं, आजच्या दिवशी चेष्टा नको. आज रात्री यांना जेवण मिळणार नाही."

अवघी मजलीस पाहू लागली. यजमानाचे तबक परतविणे म्हणजे बेअदबी, घेणे म्हणजे मिशी. मुतसिम खुर्चीवर ऐसा ताठ जाहला जैसी त्यालाही इस्त्री केली. हाजींची कॉफी निवू लागली. पण अबू मुतसिम गालात हसले, कारण त्यांस ठाऊक होते की खिशात दारूगोळा आहे. त्यांनी हजामाच्या डोळ्यांस डोळा भिडविला, तैसाच ठेविला, खिशात हात घातला, मूठ काढिली आणि मोठ्या डौलाने ओठांशी नेली.

चोच नव्हती.

लमीसने फटीतून पाहिले. बापाच्या मुठीत, मिशीच्या खाली, हिरवे आकडे चमकत होते.  त्याच वेळी आतल्या दालनातून, बायकांच्या घोळक्यातून, आत्याबाईंचा समाधानी आवाज आला की, हे पाहा, दुरुस्त झालं, निळा दिवा पुन्हा लागला.

अबू मुतसिम जपयंत्र ओठांस लावोन तैसेच राहिले. खाली आणावे तर हसे, ओढावे तर काय ओढावे. लमीसला वाटले, आता हा हात तबकाकडे जाईल.  आणि त्या एका क्षणात त्यांनी ते केले जे त्यांच्या बापाने आणि आजाने जपमाळ हाती घेताना आयुष्यभर केले होते: यंत्राचे चुंबन घेतले, ते कपाळास लाविले, मांडीवर ठेविले, आणि मान लववोन अंगठा चालविला. ओठ हलू लागले. दुसरा हात मांडीवरच राहिला, तबकाकडे गेला नाही.

 अंगठ्याचा तेवढा टकटक आवाज.

मग हाजी अबू नुमान यांनी काठी एकदा जमिनीवर आपटिली.

"पाहिलंस, गालिबच्या बापा? माणूस मुलासाठी हात पसरून आलाय आणि तोंडात देवाचं नाव आहे. आणि तू त्या तोंडात सिगारेट घालायला बघतोस. माझी कॉफी गार झाली."

अबू गालिबांचे तबक आपोआप खाली गेले. कान लाल जाहले. त्यांनी घसा साफ केला आणि फर्माविले की, मुलगी तुमची, कॉफी प्या, आणि हाजींची बदलोन गरम आणा. फटीमागोन रवानने जीभ हलवोन आनंदाची ऐसी लकेर उठविली की शेजारच्या इमारतीतूनही लकेरी आल्या. दोन्ही बाप उठोन एकमेकांस भेटले, आणि अबू गालिब मित्राच्या गालाशी गाल लावतांच थबकले.

"मिशीला संत्र्याच्या फुलांचा वास येतोय रे. काय लावतोस?"

"घराण्याचं गुपित आहे," अबू मुतसिम म्हणाले. "आता व्याही झालास, सांगेन कधीतरी."

घरी परततां चौकशी बैसली. आत्याबाईंनी आपले जपयंत्र मागितले आणि त्यावरील आकडा लमीसकडोन वाचवोन घेतला. आकडा मोठा होता.

"हे सगळं तू म्हटलंस?" आत्याबाईंनी भावास विचारिले.

"शेवटचं सगळं खरोखर म्हटलं, ताई."

"आणि सुरुवातीचं?"

"सुरुवातीला मी अबू गालिबला शिव्या देत होतो."

"मग त्या वजा कर."

"वजा करायचं बटण नाही यात."

आत्याबाईंनी विचार केला, आणि मग निवाडा दिला की, असले खोटे आकडे चढलेले यंत्र त्यांस नको, ते त्याने आपल्याजवळ ठेवावे आणि शिव्या भरोन निघेपर्यंत जप करावा. आपण सल्तला निळ्या दिव्याचेच घेऊन जाऊ, त्याला वासही चांगला आहे. लमीसने निमूटपणे वाफनळीची चोच काढिली, आतले द्राक्ष मोरीत सांडिले, आणि बिनचोचीची बॅटरी आत्याबाईंच्या बटव्यात ठेविली. तीर्थरूपांनी ते पाहिले. तोंड उघडिले. मग अंगठा दाबिला.

येणेंप्रमाणे इर्बिदची मोहीम सिद्धीस गेली, त्याची नोंद ऐसी: मिशी आपल्या जागी, दोन्ही टोके शाबूत, किंचित सुगंधी. शत्रूचा वस्तरा रक्त न पाहतां म्यानात गेला, आणि हल्ली तो त्याच्या घरी कोथिंबीर कापावयास वापरिला जातो ऐसे वर्तमान आहे. बॅटरीचे पोट फाडिले नाही, ती सल्त येथे एक दिवस निजते, एक दिवस उठते, आणि सुखी आहे. उस्तादांच्या मोटारीत आता नवशिक्यांस टकटक ऐकू येते. टकटक वाढली की शिष्य समजतो, ब्रेक दाबावयाचा आहे. सरलष्कर लमीस हिजकडील उशी डोक्याखाली कायम जाहली.

सदरहू मोहिमेत मुतसिम याचे लग्नही ठरले. ते लिहावयाचे राहिले होते, म्हणोन समासात लिहिले असे.